पाण्याची खेप, घराचा दाखला

टँकर फाटकात शिरला, म्हणजे रखवालदार प्रथम त्याचा क्रमांक वहीत टिपतो, मग चप्पल काढून मागच्या लोखंडी शिडीने टाकीवर चढतो, झाकण उचलून आत डोकावतो आणि पाणी गळ्यापर्यंत आहे अशी खातरजमा झाल्यावरच खाली उतरून ड्रायव्हरच्या सहीशेजारी आपली सही ठोकतो. सकाळचे साडेसहा वाजलेले होते. पिंपरी-चिंचवडमधील वाकडच्या बाजूच्या त्या बारा मजली इमारतींच्या वसाहतीत मी दूधवाल्याच्या मागोमाग पोहोचलो, तेव्हा वहीत त्या दिवसाची दुसरी नोंद होत होती. वहीला एका बाजूने दोरी लावून ती खुर्चीच्या पायाला बांधलेली होती, कारण मागे एकदा ती नाहीशी झाली आणि महिनाअखेर किती खेपा झाल्या यावरून पाणीवाल्याशी मोठी हुज्जत पडली होती. 'खेप' हा शब्द रखवालदाराचा. दहा हजार लिटरची एक खेप.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'निवारा' हा विषय मुक्रर केला आणि ‘पाणी वाचवणारी घरे बांधतात व त्यांना तसे दाखलेही देतात म्हणे, ते एकदा डोळ्यांनी पाहून या’ असे मला फर्मावले. म्हणून मी ही वसाहत निवडली, कारण तिच्यापाशी असा दाखला आहे. प्रवेशमंडपात, गणपतीच्या तसबिरीच्या बरोबर खाली, काचेच्या चौकटीत तो टांगलेला आहे. त्यावर हिरव्या पानाचे चिन्ह आहे, ठसा आहे, सह्या आहेत. दाखल्यापासून रखवालदाराच्या वहीपर्यंत मी पावले मोजली, ती चाळीस भरली. या चाळीस पावलांत पाणी कुठे गळते, एवढेच मला शोधायचे होते.

बादली आणि घड्याळ

घर पाणी वाचवते की उधळते हे ठरविण्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागते असा माझा समज होता. वसाहतीच्या सचिवांनी माझ्या स्वाधीन केलेल्या नळकारागिराने तो पहिल्या पाच मिनिटांत दूर केला. त्याच्या पिशवीत पाना, टेफ्लॉनची फीत, रबरी वायसरांची डबी आणि दहा लिटरची खूण केलेली एक प्लॅस्टिकची बादली होती. घड्याळ माझ्या मनगटावर होतेच. हा कारागीर ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याचा. देशातील कोणत्याही शहरात जा, नळजोडणीच्या कामावर त्या एका जिल्ह्याची माणसे भेटतात, आणि पट्टामुंडई येथे तर या विद्येची शासकीय संस्थाच आहे. पुण्यात पंधरा वर्षे काढल्यामुळे तो मराठी बोलतो, ती थोडी हिंदीच्या वळणाची.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातील न्हाणीघराचा नळ त्याने पूर्ण सोडला. बादली चाळीस सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. मग आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो. नळ त्याच जातीचा, त्याच कंपनीचा, आणि बादलीही तीच. पण ती भरायला दीड मिनिट लागले. ‘वरचे लोक बोलतात पाणी येत नाही, खालचे लोक बोलतात नळ अंगावर उडतो,’ कारागीर म्हणाला, ‘टाकी तर एकच आहे ना, सर.’

टाकी एकच आहे, आणि सारे रहस्य तिच्या उंचीत आहे. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब देतो; गच्चीवरच्या टाकीतील पाण्यापासून दुसऱ्या मजल्याचा नळ सुमारे ३४ मीटर खाली, आणि अकराव्याचा जेमतेम ७ मीटर खाली. दाब जवळजवळ पाचपट. पण नळातून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो पाचपट न होता सव्वादोनपट होतो, आणि आमच्या घड्याळाने नेमके तेच सांगितले. इमारतीच्या नकाशात खालच्या मजल्यांसाठी दाब उतरविणाऱ्या झडपा दाखविलेल्या आहेत. त्यांना बांधकामावरची माणसे 'पीआरव्ही' म्हणतात. त्या बसविलेल्याही आहेत; मात्र बोअरच्या पाण्यातील क्षार धरून त्यांतील एक पार जाम झाली आहे. दाखला देणाऱ्याने ती पाहिली तेव्हा ती नवी होती.

दाबाची ही अडचण पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले, तेव्हा त्या भूमिगत नळाच्या वाटेवर जागोजाग उंच उच्छ्वास उभारून कोंडलेली हवा आणि वाढलेला दाब मोकळा करण्याची तजवीज केलेली होती. आज आपण तीच गोष्ट पितळी झडपेत घालून भिंतीमागे दडवितो आणि मग तिला विसरून जातो.

नळाच्या तोंडाशी लावायच्या जाळीचा, म्हणजे एरेटरचा, सध्या बराच गवगवा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या जलमंडळाने व्यापारी आणि सार्वजनिक जागांना ती सक्तीची केली, आणि पिण्याच्या पाण्याने मोटारी धुणाऱ्यांना पाच हजारांचा दंड लावला. जाळी पाण्यात हवा मिसळते, धार फुगीर भासते आणि प्रवाह कमी होतो. हात धुण्याच्या कुंडीला ती फार उपकारक आहे, कारण तेथे माणूस वेळेने पाणी वापरतो, मापाने नव्हे. साबण चोळत असताना धार चालूच असते. परंतु आपल्या न्हाणीघरातील बादलीच्या नळाला ती लावून काय साधते? बादली वीस लिटरची असेल तर नळ वेगाने वाहो की संथ, तीत वीसच लिटर पडणार. या वसाहतीत सर्व नळांना सरसकट जाळ्या बसविल्या होत्या, आणि बादलीच्या नळांवरच्या बहुतेक जाळ्या गृहिणींनी पहिल्याच महिन्यात काढून टाकल्या. त्यांना मी दोष देत नाही. परदेशी शॉवरच्या हिशेबाने आखलेली काटकसर बादलीने न्हाणाऱ्या घरात जशीच्या तशी आणली, तर तिची गत हीच व्हायची.

दाखला कोण देतो, आणि कशाला

अमेरिकेत तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ साली 'वॉटरसेन्स' नावाची योजना काढली. आरंभी तिची छाप नळांवर, कमोडांवर आणि शॉवरच्या तोट्यांवर उमटत असे. २००९ च्या अखेरीस ती संपूर्ण घरावर उमटू लागली. २०२१ सालच्या सुधारित नियमांप्रमाणे, नेहमीच्या नव्या घरापेक्षा किमान ३० टक्के कमी पाणी लागेल अशाच घराला ती मिळते. तेथे १९९२ च्या कायद्याने कमोडाला एका वेळी ६ लिटरच पाणी ठरवून दिले होते. छाप हवी तर ते ४.८ लिटरांवर आणावे लागते, आणि शॉवर मिनिटाला ७.६ लिटरांच्या आत.

हे आकडे मला फारसे विलक्षण वाटले नाहीत. विलक्षण वाटली ती तपासणीची रीत. घर बांधून पुरे झाले की घरबांधणाऱ्याशी संबंध नसलेला एक त्रयस्थ तपासनीस येतो, कमोडांच्या टाक्यांत रंग टाकून तो खाली भांड्यात झिरपतो का ते पाहतो, नळ गळत नाहीत याची रुजुवात घालतो, आणि एक थेंब कोठे गळताना आढळला तरी दाखला अडकतो. योजनेच्या पहिल्या आवृत्तीत तर गरम पाण्याची टाकी आणि नळ यांच्यामधल्या पाइपात दोन लिटरांहून कमीच पाणी साठावे असा दंडक होता, कारण तेवढे थंडगार पाणी माणूस रोज सकाळी मोरीत सोडून देतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने २००४ पासून आणखी एक पाऊल पुढे टाकले: घर बांधण्याची परवानगी मागतानाच पाण्याच्या काटकसरीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. कमोडाला अर्ध्या आणि पूर्ण पाण्याची दोन बटणे असावीत ही युक्तीही त्याच देशातील ब्रूस थॉम्पसन नावाच्या अभिकल्पकाने १९८० साली प्रत्यक्षात आणलेली. आपल्याकडे ती बटणे आता घरोघर आहेत. लहान बटण कोणते हे मात्र पाहुण्यांना विचारावे लागते, आणि पाहुणे विचारीत नाहीत.

आपल्याकडचे दाखले दोन घराण्यांचे. पहिले 'गृह', टेरी ही संस्था आणि केंद्र सरकारचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून सिद्ध केलेले. ते एक ते पाच तारे देते, आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. दुसरे 'आयजीबीसी', भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली २००१ साली हैदराबादेत स्थापन झालेले. ते रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा धातूंच्या पायऱ्या देते. भारतीय मानक संस्थेने २०२१ साली आयएस १७६५० या क्रमांकाने पाणी वाचवणाऱ्या नळांचे आणि कमोडांचे मानकही प्रसिद्ध केले आहे. कागदावर आपली तयारी कोणापेक्षाही कमी नाही.

फरक आहे तो बक्षिसाचा. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे हरित दाखला मिळविणाऱ्या प्रकल्पाला त्याच्या श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. याचा अर्थ असा, की बांधणाराचा लाभ इमारत उभी राहताच त्याच्या पदरात पडतो. जादा बांधलेल्या सदनिका तो विकतो, ताबा देतो आणि निघून जातो. मागे राहते ती रहिवाशांची समिती, आणि तिच्या माथी झडपा, पंप आणि मैलापाणी शुद्ध करण्याचा कारखाना. पिंपरी-चिंचवड महापालिका 'गृह'चा दाखला असलेल्या इमारतींच्या रहिवाशांना मिळकतकरात सवलत देते, आणि पुण्याची महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यसंधारण यांपैकी एक करणाराला ५ आणि दोन करणाराला १० टक्के सूट देते. हे योग्यच झाले. परंतु या सवलती साधन बसविले आहे याबद्दलच्या असतात. त्या साधनाने किती लिटर वाचविले, हे कोणी विचारीत नाही.

तळघरातील कारखाना

सांडपाण्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाला सारे 'एसटीपी' म्हणतात आणि त्याचे नाव निघाले की सभेत आवाज चढतो. २००६ सालच्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत हा कारखाना येतोच. मोटारतळाच्या खाली, उतरत्या रस्त्याच्या टोकाशी, एका लोखंडी दाराआड तो असतो. तेथे उतरताना प्रथम पंख्यासारखी घरघर ऐकू येते, मग कोंदट, ओल्या मातीसारखा वास येतो. प्रकल्प नीट चालू आहे हे नाकानेच समजते, असे तेथला तरुण चालक मला म्हणाला. कुजका वास आला, म्हणजे हवा पुरत नाही.

त्याने मला त्याची परीक्षा दाखविली. हवेच्या टाकीतून एक लिटरचे काचेचे नळकांडे भरून त्याने मेजावर ठेवले. आतले पाणी गढूळ, चहात दूध जरा कमी पडावे तशा रंगाचे. अर्धा तास आम्ही त्याच्या समोर बसून राहिलो. हळूहळू गाळ खाली बसू लागला, वर स्वच्छ पाण्याचा थर दिसू लागला, आणि तीस मिनिटांनी गाळाची रेघ ३०० च्या खुणेवर स्थिरावली. ‘बॅक्टेरिया जिवंत आहेत,’ तो समाधानाने म्हणाला, जणू गोठ्यातल्या जनावरांची हजेरी घेत होता. आणि ती जनावरेच आहेत. त्यांना रोज खायला मैला आणि श्वासाला हवा लागते. वीज वाचविण्यासाठी समितीने रात्री हवेचा पंप बंद ठेवला, की ती गुदमरू लागतात.

या वसाहतीत गेल्या वर्षी नेमके हेच घडले. मग संडासांना येणारे पाणी पिवळे झाले, तक्रारी आल्या, आणि समितीने तोडगा म्हणून संडासांच्या वेगळ्या टाकीत चांगले पाणी सोडण्यास सुरुवात केली. त्या टाकीचे, नळांचे, झडपांचे सारे दुहेरी जाळे इमारतभर पसरलेले आहे; त्यातून वाहते ते मात्र टँकरचे पाणी. आता पालिकेने बंद प्रकल्पांची झडती घेण्यास आरंभ केल्यामुळे दुरुस्ती झाली आहे, नवा चालक नेमला आहे, गाळ बसू लागला आहे; पण संडासांच्या टाकीची झडप अजून फिरविलेली नाही, कारण रहिवाशांना भरवसा वाटत नाही.

हिशेब मांडला तर ही अश्रद्धा फार महाग पडते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले आहे, त्यांतील ४५ लिटर संडासासाठी. हजार माणसांच्या वसाहतीत ते ४५ हजार लिटर झाले, म्हणजे रखवालदाराच्या भाषेत साडेचार खेपा, रोजच्या रोज. उलट वापरलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन परत येतो, म्हणजे तळघरात लाखभर लिटर तयार होते. संडास आणि बाग भागवून उरलेले गटारात जाते, आणि त्याच रस्त्याने टँकर आत येतो.

गच्चीवरचे गणित

गच्चीवर दोन गोष्टी पाहायच्या होत्या, पाऊस आणि ऊन.

पावसाच्या बाबतीत आपली फार भाबडी समजूत आहे. नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यसंधारण सक्तीचे आहे, आणि ‘आमच्याकडे रेन वॉटर आहे’ असे सांगताना माणसांच्या चेहऱ्यावर समाधान असते. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला, की एक लिटर पाणी होते. पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि गच्ची ५०० चौरस मीटरची, तर साडेतीन लाख लिटर. त्यांतून वाफ, पहिल्या पावसाची घाण आणि उडालेले थेंब वजा करता पावणेतीन लाख. खाली ४८ बिऱ्हाडे, जवळजवळ २०० माणसे. त्यांना रोज २७ हजार लिटर लागते. म्हणजे वर्षभराचा पाऊस दहा दिवसांचा. एकमजली बंगल्यात हेच गणित शंभराहून अधिक दिवसांवर जाते. इमारत जितकी उंच, तितका माणशी आभाळाचा वाटा कमी, आणि हे कोणतेही प्रमाणपत्र बदलू शकत नाही.

ते पाणी जमिनीत मुरविणेही येथे सोपे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याची ही भूमी काळ्या कातळाची. वर मुरमाचा थर असेल तर पाणी त्यात शिरते, कातळाला भेगा असतील तर खाली उतरते, नाही तर शोषखड्डा आठ दिवस तुडुंब भरून डास पाळतो. या वसाहतीत चार खड्डे आहेत. त्यांतील बोअरच्या तोंडाशी वाळू-खडीची गाळणी घालून खोदलेले दोन पाणी घेतात. उरलेल्या दोहोंवर आता कुंड्या मांडल्या आहेत.

उन्हाचा प्रकार याहून मजेदार आहे. गच्चीवर सौर बंबांच्या रांगा आहेत, आणि विजेच्या हिशेबात त्यांनी दाखल्याला चांगले गुण मिळवून दिले. पण तेथून खाली उतरणारा एक इंची नळ तीस मीटरांहून लांब आहे. त्याच्या प्रत्येक मीटरमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी मावते. रात्रभर ते निवते, आणि पहाटे जो कोणी पहिला नळ सोडतो त्याला गरम पाणी येण्यापूर्वी तळाच्या मजल्यावर पाऊण बादलीहून अधिक थंड पाणी बघत बसावे लागते. अमेरिकेने दोन लिटर ठरविले होते, ते आठवा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला सांगितले, ‘आम्ही ते पाणी धुण्याला घेतो हो, पण सगळे कुठे घेतात? सोडून देतात सरळ.’ यावर इलाज माहीत आहे: निवलेले पाणी परत वर नेणारा दुसरा नळ आणि पहाटे पाच वाजता दहा मिनिटे चालणारा लहानसा पंप. नकाशात तो होता. खर्चाच्या कात्रीत तो कापला गेला, आणि विजेचे गुण मोजणाऱ्या रकान्यात त्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते.

मोजणी कशी गेली

सदाशिव पेठेतील वाड्यात माझे बालपण गेले. पाणी आडाचे, नंतर चौकातल्या एका सार्वजनिक नळाचे. पहाटे बंब पेटे, त्यात किती कळशा पडल्या हे आईला तोंडपाठ असे, आणि मोरीचे पाणी पन्हळीतून परसातल्या अळूला आणि केळीला जाई. आज या व्यवस्थेचे गोडवे गाणारे बरेच लेख निघतात. मला ते गाववत नाहीत. त्या काटकसरीची किंमत बायकांनी कमरेवर वाहिलेली होती, आणि मोठ्या घरांत पाणक्याने खांद्यावर. पण तिच्यात एक गोष्ट होती, ती नोंदविली पाहिजे: पाणी खेपांनी मोजले जाई. वाहणाराला ते मोजावेच लागे.

घरात नळ आला, तोटी फिरवताच धार येऊ लागली, आणि मोजणी संपली. ती परत आली ती संकटाच्या वाटेने. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होते, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून मिळते, आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड येते. म्हणून येथली माणसे दिवस मोजतात. रखवालदार खेपा मोजतो. घरात मात्र कोणीच काही मोजत नाही.

एका घराची पाच तोंडे

सचिवांना मी विचारले, की प्रत्येक बिऱ्हाडाला मापक, म्हणजे मीटर, का बसवीत नाही? ते हसले आणि त्यांनी मला नळांच्या कोनाड्याचे, ज्याला सारे 'शाफ्ट' म्हणतात त्याचे, दार उघडून दाखविले. गच्चीवरून नळांची एक झुंबडच खाली उतरत होती. एका घरात स्वयंपाकघराला एक नळ येतो, ड्राय बाल्कनीतल्या धुण्याच्या यंत्राला दुसरा, दोन न्हाणीघरांना दोन, आणि संडासांचा वेगळा पाचवा. अमेरिकेतील सुट्या घराला पाण्याचे तोंड एक असते आणि त्या तोंडाशी मीटर बसतो. आमच्या घराला पाच तोंडे, म्हणून पाच मीटर, पाच वाचने, पाच बिघाड. त्यापेक्षा टँकरचे बिल सर्वांत सारखे वाटणे सोपे पडते, आणि तसेच ते वाटले जाते.

या सारख्या वाटणीवर वार्षिक सभेत दरवर्षी एक आजी तक्रार मांडतात. पाचव्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. ‘माझ्या घरात दिवसाला दोन बादल्या लागतात, आणि मी सहा माणसांच्या घराएवढे पैसे का भरायचे, सांगा बघू!’ त्यांनी मलाही विचारले. त्यांची काटकसर खरीच पाहण्यासारखी आहे. पाणी गाळण्याच्या यंत्रातून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारे पाणी त्या पितळी घंगाळात साठवितात आणि त्यानेच लादी पुसतात. तांदळाचे धुवण तुळशीला जाते. दाखला द्यायचाच झाला तर तो या बाईंना द्यावा, असे माझ्या मनात आले, आणि सहज म्हणून मी कारागिराला त्यांच्या संडासाच्या टाकीत रंग टाकायला सांगितले. आजींनीच जिलबीचा केशरी रंग काढून दिला.

पंधरा मिनिटे आम्ही चहा घेतला. मग जाऊन पाहिले, तर भांड्यातले पाणी केशरी झालेले होते.

आजी क्षणभर काही बोलल्या नाहीत. कारागिराने टाकीची पाणीपातळी पेन्सिलीने आखली, खालची तोटी बंद केली, आणि आम्ही एक तास थांबलो. तासाने पातळी उतरली होती ती पुन्हा आखलेल्या रेघेवर आणायला लिटरचे दोन मग लागले. तासाला २ लिटर, दिवसाला ४८. आजींच्या दोन बादल्यांहून अधिक पाणी त्यांच्या घरातून आवाज न करता, डोळ्यांना न दिसता, रात्रंदिवस जात होते, आणि ते होते टँकरचे. झडपेखालचे रबर कडक होऊन गेले होते. नवे बसवायला कारागिराला दहा मिनिटे लागली.

‘कधीपासून गळत असेल?’ आजींनी विचारले. ‘काय सांगू, आजी,’ तो म्हणाला, ‘मीटर असता तर सांगितलं असतं.’

त्याच इमारतीतील इतर घरांत ही परीक्षा व्हावी म्हणून सचिवांनी केशरी रंगाच्या पुड्या आणविल्या आहेत, आणि संडासांच्या टाकीची झडप शुद्ध केलेल्या पाण्याकडे फिरविण्याचा ठराव येत्या सभेपुढे आहे. जुन्या इमारतीत याहून अधिक करणे कठीण. पाच तोंडांचे एक तोंड करायचे तर भिंती फोडाव्या लागतील. नव्या इमारतीत मात्र ते मुळीच कठीण नाही, फक्त नकाशा काढतानाच मजल्यामजल्यावर आडवी नळवाहिनी योजून प्रत्येक घराला एकच प्रवेश द्यावा लागतो, आणि नियमावलीने जादा चटईक्षेत्राचे बक्षीस त्या एका अटीशी बांधले, तर ते उद्याच होईल असे माझे मत आहे.

तोवर, या दिवाळीत नव्या घराचा ताबा घेणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. दाखल्याची चौकट सवडीने पाहा. आधी शाफ्टचे दार उघडायला लावा आणि आपल्या घरात शिरणारे नळ मोजा.